चौकडीचा कागद

मालनच्या धाकट्या मुलीचं बारसं झालं ते दोन हजार तेवीस साल. बारसं रविवारी झालं, ऑक्टोबरच्या एकोणतीस तारखेला, आणि सोमवारी सकाळी चंपाबाई बेळगावच्या टिळकवाडीत सरोजिनी वकिलीणबाईंच्या ऑफिसात गेली तेव्हा तिच्या बोटांना अजून घुगऱ्यांचा वास होता. नातीचं नाव काय ठेवलं ते तिला बाईंना सांगायचं होतं. बाई कोर्टातून दुपारी दोनला आल्या. पर्स खांद्यावरून न काढताच त्यांनी राणीच्या पोरीच्या ताब्याच्या केसचं बंडल टेबलावर ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं. मग चंपाबाईनंच महिन्यापूर्वी बांधलेली लाल फीत सोडली आणि पानं उलटत एका जागी थांबल्या.

"चंपाबाई, एकतीस नंबरचा मूळ कागद कुठाय?"

"कुठला वो बाई?"

"आण्णाप्पांचा. राणीच्या सासऱ्यांचा. इथं तुमच्या हातची प्रत आहे. मूळ कागद कुठाय?"

चंपाबाईनं बंडलाकडं बघितलं. पान तिचंच होतं. रेघा मारलेला पांढरा कागद, निळी शाई, घोटून लिहिलेली अक्षरं आणि खाली तितक्याच नीट अक्षरात नाव : आण्णाप्पा.

"मी न्हाय बघितला," ती म्हणाली.

ती असं म्हणणार आहे हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. तोंडातून शब्द गेले आणि मग ती त्यांच्यामागून आली, जसं दार लागल्याचा आवाज झाल्यावर माणूस वळून बघतं. बाईंनी आणखी विचारलं असतं तर कदाचित तिनं सांगितलं असतं. पण बाईंचा तिच्यावर विश्वास होता. "मग झेरॉक्सच्या दुकानात राहिला असेल," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसून पाणी प्यायल्या. कोर्टात काय झालं ते त्या सांगत राहिल्या. समोरच्या वकिलानं तेच पान धरलं. म्हाताऱ्याचं हे अक्षर नाही म्हणाला, ऑफिसात बसून कुणीतरी लिहिलंय, नावसुद्धा त्याच हातानं. एक कागद खोटा, तर बाकीचे कशावरून खरे? जज्जसाहेबांनी कानडीत विचारलं, "ओरिजिनल एल्लिदे?" मूळ कुठाय? बाई पानं उलटत राहिल्या. राणी मागच्या बाकावरून उभी राहिली आणि शिपायानं तिला हातानं खाली बसवलं. पुढची तारीख वीस नोव्हेंबर. तोवर मूळ कागद आणा, नाहीतर लिहिणाऱ्या माणसाला उभं करा. आणि तोवर राणीची सात वर्षांची स्वराली संकेश्वरातच राहील, आजोबाचं वडगावचं घर सोडून बाप तिला घेऊन गेलाय तिथं.

"म्हाताऱ्यालाच आणू," बाई म्हणाल्या. "रिक्षा करून आणू. ते स्वतः बोलले की कागद असला काय, नसला काय."

"व्हय की," चंपाबाई म्हणाली. तिनं तो शब्द घट्ट धरून ठेवला. म्हातारा येणार. येऊन आपल्या तोंडानं सांगणार.

कागद हरवलेला नव्हता. तो अनगोळात लेकीच्या, मालनच्या घरी, चंपाबाईच्या ट्रंकेत, पत्र्याच्या एका डब्यात होता. त्या डब्यात तिची बिडीची कात्री होती, पान कापायचा पत्रा होता आणि दोऱ्याचं एक अर्धवट गुंडाळं. निपाणीत तिनं एकतीस वर्षं बिड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली पानं आणि तंबाखू, आणि बोटं अशी चालायची की तोंडानं शेजारणीशी भांडण चालू असलं तरी बोटांना त्याचा पत्ता नसायचा. संध्याकाळी दोऱ्यानं बांधलेल्या बिड्यांच्या जुड्या, म्हणजे कट्टे, घेऊन कारखान्यात जायचं. तिथं तपासणारा एक माणूस बसलेला असायचा. तो कट्टा उचलून अंगठ्यानं दाबायचा, एखादी बिडी फाटक्या पानाची निघाली की ती मोडून बाजूला टाकायचा. तिला छाट म्हणायचे. एक छाट निघाली की तो पुढची तीन बोटांनी चाचपायचा, तीन निघाल्या की कट्टाच्या कट्टा परत. म्हणून बायका घरीच, निघण्याआधी, एकेक कट्टा स्वतः सोडून बघत. छाट आपणच काढायची, दुसऱ्याला काढू द्यायची नाही. ही सवय बोटांत गेली. पुढं छाती भरून यायला लागली, डॉक्टरांनी तंबाखूजवळ बसू नका म्हणून सांगितलं, मालननं तिला बेळगावात आणलं, आणि शेजारच्या एका मास्तरीणबाईंनी वकिलीणबाईंकडं नेऊन बसवलं. काम सोपं होतं. अर्ज, त्याच्यामागं प्रतिज्ञापत्र, लग्नाची पत्रिका, फोटो, रेशनकार्ड, दवाखान्याचे कागद, शाळेचा दाखला. क्रमानं लावायचे, उजव्या कोपऱ्यात नंबर घालायचे, दाभणानं भोकं पाडून दोरा ओवायचा, फीत बांधायची. एक संच कोर्टाला, एक समोरच्याला, एक आपल्याला. बाई पहिल्या महिन्यातच म्हणाल्या होत्या, "चंपाबाई, तुमच्या हातचं बंडल बघून साहेबांना वाटतं केस अर्धी जिंकलीच." हे वाक्य तिनं मालनला चार वेळा सांगितलं होतं. पाचव्यांदा मालन म्हणाली, "आई, आता ते वाक्य फ्रेम करून लावूया."

वाचायला ती शिकली पंचेचाळिसाव्या वर्षी. बिडीकामगार बायकांसाठी देवळाच्या ओवरीत वर्ग चालायचा, त्यात. शिकून दोन महिने झाले आणि कारखान्याच्या फंडाच्या फॉर्मवर तिनं अंगठ्याऐवजी सही केली. सही करायला तिला खूप वेळ लागला. मागच्या बायका कुजबुजत होत्या. कारकुनानं फॉर्म उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि हसला. वाईट माणूस नव्हता तो. त्यानं फॉर्म शेजारच्या टेबलावर दिला, शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याला. चौघांनी बघितला. "चंपाबाई, हे नाव हाय का झुरळ शाईत बुडून चाललंय?" सगळे हसले, बायकाही हसल्या, आणि चंपाबाईही हसली. तो कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना तिला अजून दिसायचा. इतक्या वर्षांत कारकुनाचं तोंड विसरलं होतं, पण कागद जाताना दिसायचा.

आण्णाप्पा सप्टेंबरात आले होते. बाई कोर्टात गेलेल्या. वडगावातला विणकर माणूस, सत्तरी कधीच ओलांडलेला, कानांना लूमच्या आवाजानं दडे बसलेले, त्यामुळं मोठ्यानं बोलणारा. साडीच्या रिकाम्या खोक्यातून त्यांनी कागद काढला. साडीच्या काठाची नक्षी काढायचा चौकडीचा कागद होता तो, आणि त्यांनी पेन्सिलीनं एकेका चौकडीत एकेक अक्षर बसवलं होतं. काना वेगळ्या चौकडीत, वेलांटी वरच्या चौकडीत. कागदाला तेलाचा डाग होता, एक कोपरा फाटका.

"नीट लावा हं आक्का," ते म्हणाले होते. "पोरीनं शिकवल्यालं अक्षर हाय. म्हंती, आज्जा, तुजा अ पोट सुटल्यावानी दिसतोय. मी म्हटलं, आगं, तो माज्यावरच गेलाय." आणि ते हसत हसत खोकत राहिले. मग खोकला थांबला आणि म्हणाले, "पोटच्या पोराविरुद्ध लिवलंय. लोक काय म्हणतील ते म्हणूदेत."

ते गेल्यावर चंपाबाईनं कागद वाचला. चौकडीतून चौकडीत जात वाचायला वेळ लागला. *माजा मुलगा मंथन राग आला की पोरीला लूमच्या खोलीत घालून भाईरनं कडी लावतो. लूम चालू ठेवतो म्हंजे तिचं रडनं कुनाला ऐकू येऊ ने. मी दोनदा कडी काडली. तिसऱ्यांदा मला ढकललं. पोरगी आईजवळच ऱ्हाऊ दे. आण्णाप्पा.*

बाईंनी एकदा सांगितलेलं होतं : वाचता न येणारा कागद असेल तर त्याच्यासोबत स्वच्छ प्रत लावत जा. चंपाबाईनं स्वच्छ प्रत लिहिली. जीव लावून लिहिली, शब्द सरळ केले, नावही लिहिलं, कारण नकलेत नाव लिहायचंच असतं. मग दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि तिला तो चौकडीचा कागद साहेबांच्या टेबलावरून कारकुनाकडं, कारकुनाकडून समोरच्या वकिलाकडं जाताना दिसला. तिला ते हसणारे दिसले. म्हातारा मागं बाकावर बसलाय आणि तोही हसतोय. तिचा हात गेला आणि त्यानं छाट काढली. बंडल छान दाबून बसलं, कुठंही फुगवटा नाही. कागद टाकवेना म्हणून तिनं तो पिशवीत घातला, आणि पिशवीतून डब्यात.

एवढंच झालं होतं. एवढंच झालं होतं असं ती त्या सोमवारी अनगोळला चालत जाताना स्वतःला सांगत होती. घरी पाळण्यात नात झोपली होती. मालन कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, बिड्या वळतीयास व्हय?"

चंपाबाईनं खाली बघितलं. मांडीवर सूप नव्हतं आणि बोटं चालली होती.

एक नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा काळा दिवस म्हणून, निम्मी दुकानं बंद होती आणि बाईंचं ऑफिसही. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. दोन तारखेला बाईंच्या समोर राणी बसलेली होती, पदराचं टोक दातात धरून. राणीसमोर कसं सांगायचं? तीन तारखेला राणी नव्हती, पण बाईंचं डोकं दुखत होतं. मग चंपाबाईच्या ध्यानात आलं की ती रोज सकाळी एक कारण घेऊनच घरातून निघते, डबा घ्यावा तसं. बंडलं बांधताना ती आता प्रत्येक पान दोनदा मोजायची. कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोत नवरी हसत असायची आणि पुढच्या पानावर त्याच नवरीच्या हाताचा एक्स-रे. इतकी वर्षं तिनं हे कागद फक्त लावले होते. आता त्यांच्यातून आवाज यायला लागले. दाभण कागदातून जाताना जो बारीक टक् असा आवाज होतो, तो तिला कडीचा वाटायला लागला.

कडी. तिथं येऊन ती थांबायची आणि मागं फिरायची. मालन तीन वर्षांची होती तेव्हा नवरा वारलेला, घरात दुसरं कुणी नाही, आणि कट्टे घेऊन कारखान्यात जायचं तर लेकराला तंबाखूच्या त्या गर्दीत नेणार कुठं? ती मालनला खोलीत ठेवून बाहेरनं कडी लावायची. सगळ्याच लावायच्या. गल्लीच्या तोंडापर्यंत दारावरच्या चापट्या ऐकू यायच्या. पहिल्यांदा आई आई, मग नुसत्या चापट्या. चंपाबाई भरभर चालायची, कारण गल्लीचं वळण घेतलं की ऐकू येत नसे. परत यायची तेव्हा मालन दाराला टेकून झोपलेली असायची आणि दार हळूच ढकलावं लागायचं. हे तिनं पोटासाठी केलं होतं, रागानं नाही. आण्णाप्पांचा मंथन आणि ती एक नव्हे. तरी सप्टेंबरातल्या त्या दुपारी, चौकडीतून चौकडीत जाताना, कडी या शब्दावर तिचं बोट आलं होतं आणि तिनं ते उचलून घेतलं होतं. मग तिनं कागद काढला तो कशासाठी? म्हाताऱ्याचं हसं होऊ नये म्हणून, की तो शब्द तिच्या हातच्या बंडलात नको होता म्हणून? प्रतीतही तिनं कडी लिहिलंच होतं. पण ते तिचं अक्षर होतं, घोटीव. त्यात कडी वाजत नव्हती. ती विचार करत राहायची आणि उत्तर दोन्ही बाजूंनी सारखंच दिसायचं.

दिवाळीच्या फराळाला मालन करंज्या करत होती. मांडीवर धाकटी. सहज म्हणाली, "हिला मी कधी कोंडून जाणार न्हाई बाई. मला अजून दार लागलं की उठून उघडून बघावं लागतंय." म्हणाली आणि करंजी तळणीत सोडली. तिला आईला टोचायचं नव्हतं. चंपाबाईनं करंजीच्या कडा दुमडल्या. पारी बोटांना भिजल्या पानासारखी लागली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तिनं डबा उघडला, कागद काढून पिशवीत घातला आणि वडगावला गेली. तिनं ठरवलं होतं की आधी म्हाताऱ्याला सांगायचं. कागद ज्याचा, त्याला. मग त्याच्याकडून बोलणी खाऊन बाईंकडं. गल्लीत चालताना दोन्ही बाजूंच्या घरांतनं लूम धडधडत होते, जमीन तळव्यांना लागत होती. आण्णाप्पांच्या घरातला लूम मात्र बंद होता. राणीच त्यांच्याजवळ होती. नवऱ्याचं घर सोडून माहेरी शहापुरात राहिलेली सून, पण सासऱ्याला बघायला रोज येऊन पेज घालून जायची.

"मामंजी, वकिलीणबाईंच्यातल्या आक्का आल्यात," ती त्यांच्या कानाशी ओरडली आणि पाणी आणायला आत गेली.

आण्णाप्पा भिंतीला टेकून बसले होते. दोन महिन्यांत माणूस निम्मा झाला होता. श्वास घेताना गळ्याचा खड्डा आत जायचा. त्यांच्यामागं लूमच्या खोलीचं दार होतं, आणि दाराला कडी नव्हती. चार खिळ्यांची भोकं होती फक्त. त्यांनी चंपाबाईची नजर बघितली.

"उपसून टाकली," ते म्हणाले. "उशीर केला. पयल्याच दिवशी उपसाय पायजे होती." मग थोडा वेळ श्वास गोळा करत राहिले. "सोमवारी तारीख हाय म्हणं. वकिलीणबाई म्हंत्यात रिक्षा धाडतो. जाईन की. दोघांनी उचललं तर जाईन." त्यांनी हातानं जवळ बोलावलं. "आक्का, कागद लावला न्हवं?"

पिशवी मांडीवर होती. आत हात घातला असता तर कागद बोटांना लागला असता. राणी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. चंपाबाईनं म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. त्या तोंडावर एवढी एकच गोष्ट शिल्लक होती, हा प्रश्न.

"व्हय आण्णा. लावला की."

"साहेबांनी बघितला?"

"बघितला."

"हसले न्हाईत न्हवं?"

"न्हाई वो. हसतील कशाला."

त्यांचे खांदे खाली आले. भिंतीवरून घसरून ते उशीवर आडवे झाले, काम संपलेला माणूस होतो तसे. "मग आता मी न्हाई आलो तरी चालतंय," ते म्हणाले. "माझं जे काय हाय ते त्यात हाय." आणि डोळे मिटले. राणीनं चंपाबाईला चहा घेऊन जा म्हटलं. चंपाबाई म्हणाली, नको गं, बस चुकंल. बस चुकणार नव्हती. गल्लीच्या वळणापर्यंत ती भरभर चालली आणि वळण घेतल्यावर तिला कळलं की आपण कशापासून दूर चालतोय.

शुक्रवारी सकाळी नऊला बाईंचा फोन वाजला तेव्हा चंपाबाई ऑफिसचं कुलूप काढत होती आणि बाई तिच्यामागंच उभ्या होत्या. बाईंनी फोनवर दोनदा अरेरे म्हटलं, मग "कधी?" असं विचारलं, मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या. फोन ठेवून म्हणाल्या, "संपलं चंपाबाई. आता कुणाला उभं करू मी?"

चंपाबाईनं पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला. चौकड्या वर, तेलाचा डाग डाव्या बाजूला. बाईंनी तो वाचला नाही लगेच. आधी चंपाबाईकडं बघितलं. तितका वेळ चंपाबाईकडं कुणीच कधी बघितलं नव्हतं, फंडाच्या कारकुनानंही नाही.

"कुठं होता?"

"माज्याकडं. पयल्यापासनं."

"का?"

तिनं सांगितलं. पोरीनं आज्जाला शिकवलेलं अक्षर सांगितलं, झुरळ सांगितलं, छाट सांगितली, कालचं वडगावचं सांगितलं. कडीचं तेवढं राहिलं. बाई ओरडल्या नाहीत. त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. "तीन आठवडे," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "ती पोर तीन आठवडे तिथं आहे." मग परत येऊन त्यांनी कागद उचलला आणि वकिलासारखा बघितला. "आता हे अक्षर त्यांचं आहे म्हणून सांगणार कोण? त्यांची दुसरी लिहिलेली ओळ नाही कुठं. सगळीकडं अंगठा. हे अक्षर ओळखणारी एकच आहे, जिनं शिकवलं ती स्वराली. साहेब चेंबरमध्ये बोलावून विचारतील तिला. बापासमोर नाही, पण संध्याकाळी जायचं तिला त्याच घरी."

"पोरीला नका इचारू," चंपाबाई म्हणाली. "कागद म्हाताऱ्यानं माज्या हातात दिला. त्यांच्या तोंडानं काय म्हणाले ते मी ऐकलंय. आणि एकतीस नंबर कुणी लिवला तेबी मीच सांगणार."

"चंपाबाई, दुसऱ्याचं नाव तुम्ही लिहिलंय. समोरचा वकील सोडणार नाही तुम्हाला. साहेब काय करतील मला सांगता येणार नाही. आणि इथलं काम..." बाईंनी वाक्य सोडून दिलं.

"व्हय."

"बरं. तुम्ही बोला, मी टाइप करते."

"न्हाय बाई. माज्या हातानं लिवते. साहेबांस्नी अक्षर दिसाय पायजे. एकतीस नंबरावर तेच हाय, न्हवं?"

बाईंनी कोरे कागद दिले. चंपाबाई तिच्या नेहमीच्या जागी, खिडकीखालच्या बाकावर बसली. दाभण आणि दोऱ्याचा डबा बाजूला सारला. बोटं थांबलेली होती. तिनं आपलं नाव लिहिलं, वय लिहिलं, धंदा या शब्दापुढं थोडा विचार करून *बंडलं बांधणे, पूर्वी बिडी वळणे* असं लिहिलं. मग सप्टेंबरातली दुपार लिहिली. मूळ कागद मी काढला, कुणी सांगितलं नाही. प्रत माझ्या हातची आहे, नावही मीच लिहिलं. सोळा नोव्हेंबरला मी त्यांना खोटं सांगितलं की कागद लावला आहे, म्हणून ते निर्धास्त झाले. लूमच्या खोलीच्या दाराला कडी नाही, खिळ्यांची भोकं मी डोळ्यांनी बघितली आहेत. इथं ती थांबली आणि एक ओळ अशी लिहिली, जी बाईंनी नंतर वाचून बोट ठेवून विचारली, ही कशाला, केसशी हिचा संबंध नाही. आणि चंपाबाई म्हणाली, असू दे : *बाहेरून कडी लावलेलं लेकरू आत काय करतं ते मला माहीत आहे, मीही लावलेली आहे.* कोपऱ्यात तिनं नंबर घातले. शेवटची ओळ कशी लिहायची ते तिनं बाईंना विचारलं नाही. मयतांचे दाखले तिनं शेकड्यानं लावले होते, ती भाषा तिला पाठ होती.

*सदर कागद लिहून देणारे आण्णाप्पा हे शुक्रवार दिनांक १७ नोव्हेंबर २०२३ रोजी पहाटे पाच वाजता वडगाव, बेळगाव येथे राहत्या घरी मयत झाले.*